जखम भरेल का? रणांगणातून ऑपरेशन थिएटरमध्ये आलेला एक प्रश्न

या मालिकेत आपण आतापर्यंत किल्ले पाहिले, तोफा पाहिल्या, रसदीचे हिशेब मांडले. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब आज वाट चुकले. विषय असा: तोंड, जबडा, जीभ, घसा किंवा स्वरयंत्राच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर जखम नीट भरेल की चिघळेल, हे आधी ओळखायला माणूस कसा शिकला?

मी डॉक्टर नाही. इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि आयुष्य फौजेत गेलं आहे. हा इतिहास वाचताना एक गोष्ट लक्षात आली. त्याच्या जवळजवळ प्रत्येक वळणावर कोणीतरी फौजी उभा आहे. कधी जखमी म्हणून, कधी सर्जन म्हणून, तर कधी पेन्शनर म्हणून. म्हणून हा भाग या मालिकेत आहे.

आधी हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते सांगतो. २०२० च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ३६ हजार नवे रुग्ण होते. तंबाखू, गुटखा, खैनी, सुपारी, नावं प्रांताप्रमाणे बदलतात, आजार तोच. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, नागपूर, कुठल्याही गावातल्या मराठी कुटुंबाला हा पाहुणा अनोळखी राहिलेला नाही. अनेकांना ऑपरेशननंतर रेडिएशन घ्यावं लागतं. आपल्याकडे त्याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असा नियम आहे, कारण उशीर झाला तर मागे राहिलेल्या कॅन्सरच्या पेशींना डोकं वर काढायला वेळ मिळतो. जखम उघडीच राहिली तर शेक लांबतो. म्हणजे जखमेचा प्रश्न व्रण दिसण्या-न दिसण्याचा राहत नाही, थेट जिवाचा होतो.

आता रणभूमी समजून घेऊ. हाताच्या किंवा पोटाच्या कातडीवरची जखम आणि ही जखम यांत मोठा फरक आहे. तोंडात जंतूंची वस्ती कायम असते. जीभ किंवा जबडा कापून काढला आणि त्याच वेळी मानेतल्या गाठीही काढल्या, तर तोंड आणि मान यांच्यात वाट तयार होते. आतले टाके सुटले की लाळ मानेत उतरते. त्याला फिस्टुला म्हणतात. लाळेत अन्न पचवणारी द्रव्यं असतात, ती आजूबाजूचं मांस सोडत नाहीत. आणि त्याच मानेतून मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी जाते. ती उघडी पडून फुटली तर हाती मिनिटंच असतात. म्हणून या ऑपरेशनमध्ये ‘भरेल का?’ हा प्रश्न पहिल्या दिवसापासून सर्जनच्या उशाशी असतो.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात एक अख्खा अध्याय कोणती जखम सहज बरी होईल, कोणती कष्टाने, आणि कोणती होणारच नाही या वर्गवारीला दिला आहे. तरुण वय, कणखर बांधा, अंगातली ताकद आणि मनाचं बळ असलेल्यांची जखम लवकर भरते, आणि मधुमेही किंवा क्षयाने झिजलेल्या माणसाची जखम मुश्किलीने भरते, असं तिथे नोंदवलं आहे. आजचं जोखमीचं गणित काढून बघा. वय, अशक्तपणा, साखर, वजनातली घट, हेच रकाने दिसतात. आपली छाती फुगवण्यासाठी हे सांगत नाही. निरीक्षण पक्कं होतं, पण मोजणी नव्हती. शंभरातल्या किती मधुमेह्यांची जखम चिघळली, हे कोणी लिहून ठेवलं नाही. ती उणीव भरायला पुढे बराच काळ जावा लागला.

आता १७९२ साली या. टिपूशी लढाई चालू होती. इंग्रज फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापलेल्या पत्रात त्याला शेती करणारा मराठा म्हटलं आहे. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो कपाळावर सपाट ठेवून आखणी केली, कातडी सोडवली आणि फिरवून खाली बसवली. मात्र भुवयांच्या मधला एक पट्टा जोडलेला ठेवला आणि साधारण पंचविसाव्या दिवशी तो कापला.

या पंचवीस दिवसांतच सगळं शहाणपण आहे. नव्या जागेवर रुजेपर्यंत कातडीला जुन्या मुळाचं रक्त मिळालं पाहिजे. रसदीची वाट आधी तोडली की पुढे गेलेली तुकडी उपाशी मरते, हे आम्हा फौजी माणसांना वेगळं शिकवावं लागत नाही. त्या कारागिराचं नाव मात्र कोणी लिहिलं नाही.

हे पत्र वाचून लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये पहिल्यांदा ही शस्त्रक्रिया केली. त्यांचा पहिला रुग्णही फौजी अधिकारी होता. १८१६ मध्ये पुस्तक आलं, त्याच्या नावातच लिहिलं होतं: दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा वृत्तान्त. इथे थोडं थांबू या. यश छापलं जातं, अपयश खिशात राहतं. आणि फक्त जिंकलेल्या लढायांच्या कथा वाचून पुढच्या लढाईचा अंदाज बांधता येत नाही. जखम कुठे चिघळेल हे सांगायचं असेल तर जिथे जिथे चिघळली, त्या सगळ्यांची हजेरी लागते.

ही हजेरी लिहिण्याची पद्धत युरोपात हळूहळू आली. व्हिएन्नाचे थिओडोर बिलरोथ आपले चांगले-वाईट सगळे निकाल छापण्याबद्दल ओळखले जात. ३१ डिसेंबर १८७३ रोजी त्यांनी कॅन्सरसाठी संपूर्ण स्वरयंत्र काढलं. तो रुग्ण काही महिन्यांनी कॅन्सर उलटून गेला, तेही लिहून ठेवलं गेलं. १९०६ मध्ये अमेरिकेत जॉर्ज क्राइल यांनी डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १३२ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. आता ‘माझा एक रुग्ण बरा झाला’ या भाषेऐवजी ‘इतक्यांपैकी इतके’ ही भाषा आली.

मग पहिलं महायुद्ध. खंदकात शरीर लपतं, डोकं वर येतं. त्यामुळे चेहऱ्याच्या जखमा हजारोंनी झाल्या. इंग्लंडात सिडकप इथे १९१७ मध्ये उघडलेल्या रुग्णालयात हॅरल्ड गिलीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच हजारांहून अधिक सैनिकांवर उपचार केले. त्यांत हेन्री राल्फ लम्ली नावाचा एक तरुण वैमानिक होता. १९१६ मध्ये विमान कोसळून त्याचा चेहरा जळाला होता. १९१८ च्या सुरुवातीला गिलीज यांनी छातीवरची कातडी घेऊन त्याचा जवळजवळ पूर्ण चेहरा एकाच वेळी झाकायचा प्रयत्न केला. कातडी सडली, शरीर तो भार पेलू शकलं नाही, लम्ली गेला. गिलीज यांनी हा पराभव झाकला नाही. १९२० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी तो मांडला आणि धडाही सांगितला, की काम टप्प्याटप्प्याने करा. कातडीला किती रक्त पोचेल आणि खचलेलं शरीर किती सोसेल, हे दोन्ही प्रश्न सुरी उचलण्याआधीचे आहेत. फौजेच्या भाषेत हा कारवाईनंतरचा अहवाल होता, आणि तो स्वतःविरुद्ध लिहिलेला होता. असे अहवाल दुर्मीळ असतात आणि सर्वांत जास्त जीव तेच वाचवतात.

आता आकडे बोलू लागले. १९३६ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे सर्जन हायरम स्टडली यांनी पोटाच्या अल्सरचे ४६ रुग्ण तपासले. विषय पोटाचा होता, पण धडा सगळ्या सर्जरीला लागू पडला. ऑपरेशनपूर्वी ज्यांचं वजन २० टक्क्यांहून जास्त उतरलं होतं त्यांच्यातले सुमारे एकतृतीयांश दगावले. ज्यांचं वजन तितकं उतरलं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण साडेतीन टक्के होतं. एक वजनकाटा एवढं सांगून गेला. तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर घास चावता येत नाही, गिळता येत नाही, कधी जबडाच उघडत नाही. रुग्ण ऑपरेशनला येतो तोच उपाशी फौजेसारखा.

जंतूंच्या बाजूनेही मोजणी झाली. १९६४ मध्ये अमेरिकेत जखमांचे स्वच्छ, कमी दूषित, दूषित आणि घाण असे चार वर्ग रूढ झाले. तोंड उघडून केलेलं ऑपरेशन स्वच्छ वर्गात बसतच नाही. १९७९ च्या एका अमेरिकन चाचणीत अशा ऑपरेशनांमध्ये अँटिबायोटिक न दिलेल्या गटात ८७ टक्के जखमांना संसर्ग झाला, दिलेल्या गटात ३८ टक्के. आज ऑपरेशन सुरू होण्याआधी सुईतून दिलं जाणारं औषध ही या हिशेबाची देणगी आहे.

रक्तपुरवठ्याच्या बाजूने तर क्रांतीच झाली. १९६५ मध्ये बाकम्जियन यांचा छातीच्या कातडीचा फ्लॅप आला, १९७९ मध्ये आर्यन यांचा छातीच्या स्नायूसकट घेतलेला फ्लॅप. फ्लॅप म्हणजे स्वतःच्या रक्तवाहिनीसकट हलवलेला शरीराचा तुकडा. कावसजीच्या कपाळाचाच हा पुढचा वंश. छातीचा स्नायू मानेतल्या धमनीवर पांघरूण घालतो, म्हणून भारतातल्या रुग्णालयांत तो अजूनही हुकमी आहे. १९८१ मध्ये चीनमधल्या शेनयांगच्या लष्करी रुग्णालयातल्या यांग ग्वोफान यांच्या पथकाने मनगटाजवळच्या कातडीचा फ्लॅप प्रसिद्ध केला. हा पूर्ण सोडवून मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. पहिले तीन दिवस त्याच्यावर पहारा असतो. तासातासाला रंग बघायचा, ऊब बघायची, बोटाने दाबून रक्त परत येतं का ते बघायचं. तो निळा पडला तर रात्री दोन वाजताही परत थिएटरमध्ये न्यायचं.

आणि मग एक नवी अडचण आली. १९९१ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ३३२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वरयंत्राचा वाढलेला कॅन्सर असतानाही आधी औषधं आणि मग रेडिएशन दिल्याने ६४ टक्क्यांचं स्वरयंत्र वाचलं. माणसाचा आवाज वाचला, ही मोठीच गोष्ट. पण ज्यांचा कॅन्सर परत आला त्यांच्यावर शेक घेतलेल्या मानेवर ऑपरेशन करायची वेळ आली. रेडिएशन कॅन्सरबरोबर आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्याही अरुंद करून ठेवतं. वरून कातडी ठीक दिसते, पण आत रसद पोचत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीच्या निकालांत नुसत्या रेडिएशननंतर स्वरयंत्र काढलेल्यांत १५ टक्क्यांना फिस्टुला झाला, औषधं आणि रेडिएशन एकत्र घेतलेल्यांत ३० टक्क्यांना.

याच माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून जोखीम मोजण्याचं आधुनिक शास्त्र निघालं, आणि तेही आरोपातून. १९८० च्या दशकाच्या मध्यावर या रुग्णालयांत ऑपरेशननंतर मृत्यू फार होतात अशी ओरड झाली. अमेरिकी संसदेने कायदा करून हिशेब मागितला. रुग्णालयांचं म्हणणं, आमच्याकडे येणारे पेन्शनर वयस्कर, आजारी, सिगारेटने पोखरलेले. इतरांशी सरळ तुलना कशी करता? मग शुक्री खुरी यांच्या नेतृत्वाखाली १९९१ पासून ४४ रुग्णालयांत प्रत्येक मोठ्या ऑपरेशनची आधीची प्रकृती आणि नंतरचा निकाल लिहिला जाऊ लागला. हृदयाच्या शस्त्रक्रिया सोडून ५४,२१५ ऑपरेशनांच्या हिशेबात रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन पुढचा धोका सांगणाऱ्या सर्वांत ठळक खुणांपैकी एक ठरलं. ते भरपूर असलेल्यांत महिन्याभरातले मृत्यू एक टक्क्याहून कमी होते, अगदी खालावलेल्यांत २९ टक्के. तपासणी साधी आणि स्वस्त, तालुक्याच्या लॅबमध्ये होणारी. या नोंदी ठेवल्यानंतरच्या दशकात त्या रुग्णालयांतले ऑपरेशननंतरचे मृत्यू २७ टक्क्यांनी घटले.

याच कामाच्या पायावर २०१३ मध्ये अमेरिकन सर्जनांच्या संघटनेने संगणकावरचं जोखीम-गणक प्रसिद्ध केलं. २१ गोष्टी भरा, टक्केवारी मिळते. पण डोकं आणि मानेच्या मोठ्या ऑपरेशनांवर ते लावून पाहिल्यावर अनेक अभ्यासांत अंदाज चुकले. कारण उघड आहे. त्या २१ प्रश्नांत ‘मानेला आधी शेक दिला आहे का?’ हा प्रश्नच नाही. सगळ्या देशाचा नकाशा हाती आहे, पण ज्या खिंडीतून जायचं तीच त्यात दाखवलेली नाही. आता या ऑपरेशनांसाठी वेगळी गणितं बनत आहेत, संगणकाला हजारो नोंदी देऊनही. चांगलं आहे. पण कोणत्याही यंत्राला नोंदी प्रामाणिक लागतात, आणि त्या आपल्या माणसांच्या लागतात. अमेरिकन सिगारेटवाल्याचं गणित आपल्या गुटख्याने आवळलेल्या जबड्याला जसंच्या तसं लागू पडेल असं मानू नये.

आता मुद्द्याकडे येतो. फौजेत कारवाईआधी अधिकारी लेखी ‘अप्रीसिएशन’ करतो. उद्दिष्ट काय, जमीन कशी, शत्रू किती, आपलं बळ किती, रसद कुठून. त्याचा उपयोग भविष्य सांगण्याला नसतो. योजना बदलण्यासाठी तो केलेला असतो. जखमेच्या भाकिताचंही तसंच आहे. ‘तीस टक्के धोका आहे’ असं सांगून हात वर केले तर तो आकडा रुग्णाला घाबरवण्यापलीकडे काही करत नाही. त्याच आकड्याने तयारी बदलली तर तो औषध होतो. पुरावा देतो. शेक घेतलेल्या गळ्यातून स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांचा अनेक रुग्णालयांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. नुसते टाके घातलेल्यांत ३४ टक्क्यांना फिस्टुला झाला. वरून छातीच्या स्नायूचं पांघरूण घातलेल्यांत १५ टक्क्यांना. धोका आधी ओळखला, म्हणून राखीव तुकडी आधीच पुढे आणता आली. तंबाखूचंही तसंच. जपानमधल्या २००५ च्या अभ्यासात डोकं-मानेच्या ऑपरेशनआधी तीन आठवडे किंवा जास्त सिगारेट सोडलेल्यांच्या जखमा चालू ठेवणाऱ्यांपेक्षा चांगल्या भरल्या.

माझ्या पलटणीतल्या एका सुभेदारसाहेबांना निवृत्तीनंतर गालाचा कॅन्सर झाला. तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. वजन ६८ वरून ५७ किलोवर आलेलं. मुलगा म्हणाला, उद्याच कापा. तिथल्या सर्जननी तपासण्या आणि तारीख ठरेपर्यंतचे दहा दिवस वाया घालवले नाहीत. नाकातून नळी घालून दिवसातून सहा वेळा खाणं सुरू केलं, साखर ताब्यात आणली, तंबाखूची पुडी मुलाच्या हाती दिली. ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी मानेत थोडी लाळ आलीच. पण मोठी धमनी स्नायूखाली झाकलेली होती, नळीने पोषण चालू होतं, ड्रेसिंगची माणसं तयार होती. भोक आपोआप मिटलं आणि सहाव्या आठवड्यात शेक सुरू झाला. सुभेदारसाहेब मला म्हणाले, “साहेब, हल्ला आला, पण मोर्चे आधीच खणलेले होते.” यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही.

म्हणून तुमच्या घरात, शेजारी, सोसायटीत कोणावर ही वेळ आली तर ऑपरेशनआधी हे प्रश्न विचारा. गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरलं? दहा टक्क्यांहून जास्त असेल तर आहारतज्ज्ञाला आजच भेटा. अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन आणि साखर किती आहे? एक ध्यानात ठेवा, अल्ब्युमिन हे आजाराचंही माप आहे, चार दिवस अंडी खाऊन ते वर येत नाही. मानेला पूर्वी शेक दिला असेल तर थायरॉइड तपासलं का? शेकामुळे ते मंदावतं आणि जखमही मंदावते. धोका जास्त असेल तर योजनेत काय बदल केला आहे? शेकाची तारीख कोण सांभाळणार? घरी गेल्यावर मान लाल झाली, ताप आला, ड्रेसिंग लाळेने ओलं झालं, तर फोन कुणाला करायचा? आणि मानेतून ताजं रक्त दिसलं तर फोनची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

त्याचबरोबर दुसरी बाजूही सांगतो. तयारीच्या नावाखाली महिनोन् महिने ऑपरेशन पुढे ढकलू नका, कॅन्सर सुट्टीवर जात नाही. किती दिवस थांबायचं हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. पण थांबलेला प्रत्येक दिवस कामाला लागला पाहिजे, हे बघणं घरच्यांचं काम आहे.

कावसजीपासून सुभेदारसाहेबांपर्यंत दोनशे वर्षांहून जास्त काळ गेला. या काळात ज्यांच्या जखमा भरल्या नाहीत, त्यांच्या नोंदींवर आज आपल्या माणसांच्या जखमा भरत आहेत. आपल्याकडेही प्रत्येक रुग्णालयाने ही हजेरी लिहावी, चिघळलेल्या जखमांची आधी. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.